हंस की किटली?

चहाच्या पुड्यावर गेली तीस वर्षं दोन पानं होती आणि मधे एक कळी. एका गुरुवारी मी वाण्याकडून पुडा आणला तर कळी गायब, एक पान गायब आणि उरलेलं पान वाऱ्याने उडाल्यासारखं तिरकं. खाली बारीक अक्षरांत, 'नवं रूप, तीच चव'.

आईने पुडा हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला.

"हा कोणाचा?"

"आपलाच आहे. फक्त चित्र बदललंय."

"का?"

का, ते मला कोणी कळवलं नव्हतं. मी आपला पुड्यावरचा मजकूर वाचून दाखवला. "तीच चव आहे म्हणतायत."

"मी विचारलं होतं का चवीचं? न विचारता सांगतायत, म्हणजे बदलली असणार."

या तर्कापुढे वकीलही हात टेकेल. उशिरा घरी आलेला नवरा दारातच 'मी कुठे गेलो नव्हतो' म्हणाला तर घरात जो निष्कर्ष निघतो, तोच आईने काढला होता. तरी नाइलाजाने तिने चहा टाकला, एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. "गवत."

मी पुडा घेऊन परत दुकानात. शेठनी माझ्या हाताकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "काका, सकाळपासून तुम्ही सातवे."

"मग बाकीच्या सहांना काय सांगितलंत?"

"पुडा इथेच फोडायचा, पावडर पिशवीत ओतायची, पुडा माझ्याकडे कचऱ्यात. घरी दाखवायचाच नाही. माणसाला आधी चित्र दिसतं, मग चव लागते."

अनुभवी माणूस. पण सल्ला उशिरा मिळाला होता. पुढचे पाच दिवस आईने कॉफी घेतली. कॉफीने तिला पित्त होतं, आणि तिला झालेलं पित्त नेहमी सगळ्या घराला होतं. शेवटी मी भांडुपच्या एका कोपऱ्यातल्या दुकानात, कपडे धुण्याच्या साबणांमागे, जुने दोन पुडे शोधून काढले. आईने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हा चहा!" पुड्यावरची मुदत संपून चार महिने झाले होते. ते मी घरात सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

या धामधुमीत एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही. जुना पुडा 250 ग्रॅमचा होता, नवा 225 चा. किंमत तीच. पान तिरकं झालेलं मात्र आईला, बायकोला आणि मला, तिघांनाही दहा फुटांवरून दिसलं होतं.

मी स्वतः तसा पुढारलेल्या विचारांचा आहे. बदलाला माझा कधीच विरोध नसतो, पहिले तीन महिने सोडले तर. मागे माझ्या बँकेने फोनवरच्या ॲपचं चिन्ह निळ्याचं जांभळं केलं. मी रिक्षातून उतरताना पैसे द्यायला फोन काढला आणि निळं शोधत बसलो. मीटर चालू. शेवटी रिक्षावाल्याने मान मागे वळवली.

"काका, हे काय, पहिल्याच रांगेत आहे."

"हे नव्हे हो. ते निळं होतं."

"दाबून तर बघा."

दाबलं. आत माझेच पैसे होते, रकमेवरूनच ओळखले. आमचे सासरेबुवा तर एकदा त्यांच्या बँकेच्या शाखेत शिरले, भिंतींचा नवा रंग बघून "सॉरी" म्हणून बाहेर आले आणि शेजारच्या केशकर्तनालयात चौकशी करू लागले की बँक कुठे गेली. तिथे आधीच दोन खातेदार बसलेले होते. त्यातल्या एकाने वेळ जावा म्हणून दाढी करून घेतली.

खरं म्हणजे मुंबईकराला या प्रकाराची सवय असायला हवी. माझ्याकडे एक मोबाइल नंबर आहे. घेतला तेव्हा कंपनीचं नाव होतं मॅक्स टच. 2000 साली तिची ऑरेंज झाली, 2005 मध्ये हच, 2007 मध्ये व्होडाफोन आणि 2020 मध्ये नुसतं वी. मी जागचा हललो नाही. नंबर तोच, मी तोच, पलीकडून येणारा 'आहेस कुठे?' हा प्रश्नही तोच. इतक्या वेळा नाव बदललेला मनुष्य भाड्याने जागा मागायला आला असता तर आमच्या सोसायटीने पोलिसांत कळवलं असतं.

माझी मावशी अजून 'ऑरेंजचं बिल' भरते. तिला कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं. हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारा तो चपट्या नाकाचा कुत्रा होता, त्याच्यावर तिचा जीव होता. व्होडाफोन आलं तेव्हा तिने एकच विचारलं, "कुत्र्याचं काय करणार?" कंपनीलाही हीच काळजी लागली असावी, कारण नाव बदलल्याच्या जाहिरातीत कुत्रा शाबूत होता, फक्त त्याचं घर नवं, लाल झालं होतं. मावशीने ती जाहिरात बघितली आणि म्हणाली, "हरकत नाही."

बायको माहेरची नाशिकची. तिकडे बिर्ला एटी अँड टी होती. ती टाटांबरोबर एकत्र आली तेव्हा तिन्ही नावांची मोळी बांधून लोक तिला 'बटाटा' म्हणायचे. 2002 मध्ये तिची आयडिया झाली. माझं प्रामाणिक मत आहे की बटाटा ठेवायला हवं होतं. मराठी माणसाला बटाटा समजावून सांगावा लागत नाही. तो वड्यात चालतो, काचऱ्यांत चालतो, उपासाला चालतो, चाळीलाही चालतो. असो. 2018 मध्ये माझी कंपनी आणि बायकोची कंपनी यांचंही लग्न लागलं आणि दोनच वर्षांत त्यांनी दोघांचं एकेक आद्याक्षर घेऊन नवी पाटी लावली. आमच्या दारावरच्या पाटीत तिचं नाव घालायचा विषय गेली सव्वीस वर्षं विचाराधीन आहे.

आणि नाव बदलून लोक बदलतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एसटी स्टँडवर जाऊन उभं राहावं. 1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले. त्यावरून आपल्याकडच्या निमआराम गाडीला लोकांनी 'एशियाड' म्हणायला सुरुवात केली. पुढे महामंडळाने तिला 'हिरकणी' हे छान, इतिहासातलं नाव दिलं. गाडीवर ठळक रंगवलंसुद्धा. अजून प्रवासी त्या हिरकणीसमोर उभे राहतात आणि विचारतात, "ही एशियाड आहे ना?" गड उतरलेली हिरकणी इथे मात्र हरली.

हे सगळं मी एकदा माझ्या भाच्याला ऐकवलं. भाचा लोअर परळला 'ब्रँडिंग'मध्ये आहे. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, नातेवाइकांना 'जाहिरातीत आहे' असं सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

"मामा, लोगो म्हणजे चित्र नसतं. तो श्वास घेतो."

"किती घेतो?"

त्याला वाटलं मी आकडा विचारतोय, म्हणून त्याने आकडे सांगायला सुरुवात केली. शाओमी या चिनी फोन कंपनीने 2021 मध्ये केन्या हारा या नामांकित जपानी डिझायनरकडून लोगो नव्याने करून घेतला. जुना लोगो नारिंगी चौकोन होता. नवा नारिंगी चौकोनच आहे, फक्त कोपरे गोल. बातम्यांत आलेली रक्कम वीस लाख युआन, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या पुढे. आमच्या सुताराने जेवणाच्या टेबलाचे चार कोपरे घासायचे चारशे घेतले होते आणि बायको त्याला लुटारू म्हणाली होती. मी मनातल्या मनात सुताराची माफी मागितली.

मग पेप्सी. 2008 मध्ये त्यांनी गोल थोडा फिरवून मधली पांढरी लाट तिरकी केली. त्यामागचं समर्थन म्हणून पीटर अर्नेल यांच्या एजन्सीने केलेलं 27 पानांचं टिपण पुढे फुटलं. भाच्याने ते मला दाखवलं. त्यात मोनालिसा आहे, पार्थेनॉन आहे, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आहे, विश्वाचं प्रसरण आहे. सरबत सोडून सगळं आहे.

"जगभर हसले लोक याला," भाचा म्हणाला.

मला हसू आलं नाही. आमच्या गच्चीच्या गळतीचा अहवाल बेचाळीस पानांचा आहे आणि त्यात भूगर्भ, मान्सून आणि मानवी स्वभाव हे तिन्ही येतात. गच्ची अजून गळते.

याच अर्नेल मंडळींनी 2009 च्या जानेवारीत ट्रॉपिकानाच्या रसाचा खोका बदलला. जुन्या खोक्यावर एक संत्रं होतं आणि त्यात थेट खुपसलेली स्ट्रॉ. ते काढून रसाने भरलेला शहाणासुरता ग्लास आला. अमेरिकेतले लोक दुकानात फळीसमोर उभे राहिले आणि त्यांना आपला रसच सापडेना. दोनेक महिन्यांत विक्री वीस टक्क्यांच्या आसपास खाली आली. कंपनीने संत्रं आणि स्ट्रॉ परत आणली. हे ऐकून मला पहिल्यांदा आईचा अभिमान वाटला. आमच्या घरात एक माणूस अमेरिकेइतका पुढे होता.

गॅपचं त्याहून वाईट झालं. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये या कपड्यांच्या कंपनीने वीस वर्षांहून जुना निळा चौकोन काढून काळ्या अक्षरांच्या डोक्यावर एक चिमुकला निळा चौकोन ठेवला, टोपी उडून जाता जाता अडकावी तसा. गिऱ्हाईक इतकं खवळलं की आठवड्याभरात जुना लोगो परत. आपल्याकडे आठवड्यात रेशनकार्डावरचा पत्तासुद्धा बदलून मिळत नाही.

"म्हणजे लोकांचं आपल्या लोगोवर इतकं प्रेम असतं तर," मी म्हणालो.

भाचा हसला. "मामा, 2015 मध्ये अमेरिकेत पंच्याऐंशी विद्यार्थ्यांना ॲपलचा लोगो आठवणीने काढायला लावला होता. ते उष्टं सफरचंद. एकाला बिनचूक जमलं."

मी त्याच रात्री जेवणं झाल्यावर तीन कागद आणि तीन पेन्सिली वाटल्या. विषय, चहाचा जुना पुडा. आईने, जिने त्या पुड्यासाठी पाच दिवस उपोषण केलं होतं, चार पानं काढली आणि कळी काढलीच नाही. बायकोने काढलं ते तुळशीचं रोप होतं, कुंडीसकट. माझं चित्र बघून आई म्हणाली, "हे विड्याचं पान आहे. वर लवंग टोचलीय." मी म्हणालो, "ती कळी आहे." मग जुना पुडा समोर आणून ठेवला. आईने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हा पण त्यांनी बदलला."

इथपर्यंत मी प्रेक्षक होतो. पुढे मी गॅप झालो.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. तिचा मी सेक्रेटरी आहे, कारण ज्या सभेत निवड झाली त्या सभेला मी गेलो नव्हतो. गेटवर एक पत्र्याची पाटी होती, 1987 सालची. वर सोसायटीचं नाव, खाली नोंदणी क्रमांक आणि मधे बोधचिन्ह. बोधचिन्हात डोळे-नाक असलेला सूर्य, दोन बाजूंना दोन माड आणि मधे, म्हणजे मधे जे काही होतं ते. 38 वर्षांत त्या पाटीकडे कोणी बघितल्याचं मला आठवत नाही. तिच्यावर कावळे बसत आणि पावसाळ्यात कोणीतरी छत्री अडकवून जाई.

पाटी गंजली, म्हणून नवी करायचं ठरलं. भाचा म्हणाला, मी लोगो करून देतो. घरचं काम, त्यामुळे फुकट, आणि फुकट असल्यामुळे त्याला उलट बोलण्याची सोय नव्हती. तो गेटवर आला, जुनी पाटी बघून त्याने डोळे मिटून घेतले.

"मामा, यात सात प्रकारची अक्षरं आहेत."

"बत्तीस बिऱ्हाडं आहेत. त्यामानाने कमीच."

महिन्याने त्याने नवं बोधचिन्ह आणलं. पांढऱ्यावर एक हिरवं वर्तुळ, वरच्या बाजूला थोडं उघडं, आणि त्या उघड्या जागेत एक उभी रेघ. वर्तुळ म्हणजे एकोपा, उघडी जागा म्हणजे येणाऱ्याचं स्वागत, रेघ म्हणजे ताठ मानेचा माणूस. मला पटलं. त्याने सांगितल्यावर मला पेप्सीचंही पटलं असतं.

पेंटर रंगवताना मी शेजारी उभा होतो. डब्याचं झाकण उचकटता उचकटता तो म्हणाला, "साहेब, पूर्वी डब्यावर तो कुंचलावाला पोरगा असायचा. तो गेला आणि डबा उघडायची मजा गेली."

एशियन पेंट्सचा गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेला, केस कपाळावर आलेला, हातातून रंग ठिबकणारा. त्याचं नाव ठेवायला स्पर्धा होती आणि बक्षीस 500 रुपये होतं. "तुला आठवतो?" मी विचारलं. "आठवतो म्हणजे! त्याच्या उजव्या हातात डबा होता. नाही, डाव्या. थांबा..." असं म्हणून तो हातातला ब्रश हवेत धरून एवढा विचारात पडला की एकोप्यावर दोन थेंब सांडले.

15 ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि लगोलग पाटीवरचा पडदा सरकवला. जिलबी वाटून होईपर्यंत कोणी काही बोललं नाही. आमच्या सोसायटीत जिलबी संपल्याशिवाय विरोध सुरू होत नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका बोट पाकात असतानाच पुढे आले.

"हे बटण आहे ना? टीव्ही चालू-बंद करायचं?"

मी रिमोट आठवला. वर्तुळ, वरून उघडं, मधे रेघ. पोटात गोळा आला. आता वर्तुळात दुसरं काही दिसेना. संध्याकाळपर्यंत एक गृहस्थ विजेवर चालणारी स्कूटर ढकलत आत आले आणि वॉचमनला विचारू लागले, चार्जिंग कुठे लावायचं. वॉचमनने त्यांना पंपाच्या खोलीत नेलं. पंप बंद पडला.

त्याहून गंभीर प्रकरण ब विंगमध्ये घडलं. तिथल्या एका काकूंनी पाटीकडे मान तिरकी करून बघितलं, माझ्या बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बायको पदर तोंडाला लावून घरात पळाली. रात्रीपर्यंत ते सोसायटीतल्या सगळ्या बायकांना दिसू लागलं होतं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"तुम्हाला नको."

यालाही पूर्वपीठिका आहे. मिंत्राच्या रंगीत 'एम'बद्दल मुंबईतल्या एका महिलेने सायबर पोलिसांकडे तक्रार केली की तो स्त्रियांचा अवमान करणारा दिसतो, आणि 2021 च्या सुरुवातीला कंपनीने तो बदलला. तोपर्यंत लाखो लोक त्या अक्षरावर बोट ठेवून कुडते मागवत होते आणि त्यांना कुडत्याशिवाय काही दिसलं नव्हतं. बातमी आली आणि सगळ्यांना दिसलं. एकदा कोणी दाखवलं की मग डोळे मिटूनही दिसतं. मला मात्र आमच्या पाटीत अजून काही दिसलेलं नाही. मी रोज मान तिरकी करून बघत होतो, तर कट्ट्यावरच्या मंडळींनी त्याचाही वेगळा अर्थ लावला.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवसांत 214 निरोप आले. बंद पडलेल्या पंपाबद्दल चार. टँकर किती वाजता येणार, हा निरोप मधे कुठेतरी वाहून गेला आणि सोमवारी बत्तीस बिऱ्हाडं एकोप्याने बिनअंघोळीची राहिली.

नवी पाटी कोणालाच आवडली नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भाडेकरूंना ती फार आवडली. पाचही भाडेकरूंनी मला गाठून अभिनंदन केलं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर आहे, 2010 मधल्या एका अमेरिकन अभ्यासातही हेच निघालं होतं. ज्यांचा ब्रँडवर जीव जास्त, त्यांनाच नवा लोगो जास्त झोंबतो. ज्यांना फारसं सोयरसुतक नाही, त्यांना तो बरा वाटतो. अभ्यास उत्तम आहे. पण आमच्या उपविधीप्रमाणे भाडेकरूंना मत नाही.

रविवारी, 24 तारखेला, विशेष सर्वसाधारण सभा झाली. इतकी उपस्थिती लिफ्टच्या सभेलाही नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा आवाज भरून आला.

"तो हंस आमच्या भावनांचा विषय आहे."

"कुठला हंस?" मागून कोणीतरी विचारलं.

"मधला. दोन माडांच्या मधला."

"ती किटली होती."

सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, शांतता पसरली. मग एकदम फुटली. हंसवाले म्हणाले, लांब मान होती. किटलीवाले म्हणाले, ती तोटी. हंसवाल्यांनी पंख सांगितले, किटलीवाल्यांनी कान सांगितला. एक काकू म्हणाल्या, सूर्य आणि माड आहेत तिथे किटली कशाला येईल? त्यावर खजिनदार म्हणाले, मुलुंडला माड तरी कुठे आहेत? शेवटी ठराव झाला : जुनं बोधचिन्ह पूर्ववत करावं. एकमताने. मधे काय असावं, हा मुद्दा पुढे ढकलण्यात आला.

तीन दिवसांनी भाच्याचा फोन. "मामा, अमेरिकेनेही माघार घेतली." तिकडे क्रॅकर बॅरल नावाच्या उपाहारगृहांनी त्याच आठवड्यात आपल्या लोगोतला, लाकडी पिंपाला टेकून बसलेला म्हातारा काढून टाकला होता. देशभर गदारोळ. थेट राष्ट्राध्यक्षांनी मत दिलं. आठवड्याभरात म्हातारा परत. आम्ही त्यांच्या दोन दिवस आधी माघार घेतली होती, हे मी इतिवृत्तात नमूद केलं आहे. एका म्हाताऱ्यासाठी अमेरिकेत एवढं झालं. आमच्या कट्ट्यावर असे सहा बसतात.

गणपती 27 ला होते. पेंटर 25 लाच पाटी घासून हजर झाला. सूर्य काढला, डोळे-नाक काढलं, डावीकडचा माड काढला, उजवीकडचा काढला आणि ब्रश कानावर खोचून मला म्हणाला, "मधे काय?"

मी जुना पत्रा शोधायला निघालो. तो वॉचमनने पंपावर पाणी गळू नये म्हणून वर ठेवला होता. सूर्य दिसत होता, माड दिसत होते. मधे गंजून आरपार भोक पडलं होतं. भोकाचा आकार, खरं सांगायचं तर, थोडासा हंसासारखा होता आणि थोडासा किटलीसारखा.

मग 1987 चं इतिवृत्त काढलं. 'प्रवेशद्वारी पाटी रंगवून घेतली. खर्च रु. 140.' एवढंच. मग सगळ्यांनी घरोघरचे अल्बम काढले. गेटसमोर काढलेले फोटो ढिगाने निघाले. वराती, विसर्जनाच्या मिरवणुका, नवी स्कूटर, दहावीचा निकाल, परदेशी निघालेला मुलगा. प्रत्येक फोटोत पाटी आहे. प्रत्येक फोटोत पाटीच्या बरोबर मधोमध कोणाचं तरी डोकं आहे. माझ्या लग्नाच्या वरातीचा फोटो आहे, त्यात सूर्य आणि दोन माड यांच्या मधे माझा फेटा आहे. बायको म्हणाली, फेट्याच्या डावीकडे चोच दिसते. मला ती तोटी वाटते. सव्वीस वर्षांत आमचा पहिला खरा मतभेद.

सध्या पाटीवर सूर्य आहे, माड आहेत आणि मधे पांढरी जागा आहे. दोन्ही पाट्यांचं मिळून पेंटरचं 6,400 रुपये बिल झालं आहे. हंसवाले ते किटलीवाल्यांनी भरावं म्हणतात. तर वाचकहो, 1987 पासून गेल्या पावसाळ्यापर्यंत तुमच्यापैकी कोणी मुलुंडला, गंजक्या पाटीच्या एखाद्या गेटसमोर उभं राहून फोटो काढला असेल, आणि त्यात तुमचं डोकं मधे आलेलं नसेल, तर कृपा करून नीट बघा आणि मला कळवा. हंस की किटली, एवढंच लिहिलं तरी चालेल.